नववीची कालरेषा: मराठीच्या तासाच्या प्रकल्प नोंदी, अंबाजोगाई

१४ जुलै २०२५

विषय ठरला. ‘मराठवाड्यातली मराठी’ अशी एक डिजिटल कालरेषा नववीच्या मुलांकडून करून घ्यायची. आठवड्यातले दोन तास त्यासाठी, बाकीचे तास धड्यांना. इतिहासाच्या सरांनी स्टाफरूममध्ये लगेच टोकलं, “मॅडम, हे आमचं काम घेतलंत की.” त्यांना म्हटलं, सनावळ्या तुमच्या, वाक्यं माझी.

खरंच तसं आहे. निबंध लिहायला सांगितला की ही मुलं दोन पानं भरतात आणि त्यात सांगण्यासारखं एकच वाक्य असतं. कालरेषेवरच्या पानाला मी साठ शब्दांची मर्यादा घातली आहे. तेवढ्यात ‘थोर’, ‘महान’, ‘अनमोल’ भरले तर मजकुराला जागाच उरत नाही.

साधन टाइमलाइन जेएस. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाईट लॅबने केलेलं, फुकट, कोडिंग येण्याची गरज नाही. गूगल शीटचा त्यांचा तयार नमुना घ्यायचा, एका रांगेत एक घटना: साल, मथळा, मजकूर, चित्राचा दुवा, गट. शीट प्रकाशित केली की दुवा मिळतो. वीसच्या वर घटना घालू नका, असा बनवणाऱ्यांचाच सल्ला आहे. वर्ग चाळिसाचा. दोघांत एक पान, हिशेब आयता जुळला.

१९ जुलै

शनिवार, सकाळची शाळा. संगणक खोली उघडली. निम्मे संगणक चालू होतात, नेट माझ्या फोनवरून. चाळीस मुलांना एकदम बसवणं शक्य नाही. म्हणून आधी सुतळी.

व्हरांड्यात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी ताणली. एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. एका टोकाला ११८८, म्हणजे मुकुंदराजांचा विवेकसिंधू, दुसऱ्या टोकाला आज. साडेआठ मीटरच्या आतबाहेर. कार्डशीटचे तुकडे, कपडे वाळत घालायचे चिमटे. मुलांनी पट्टी घेऊन जागा मोजून चिमटे लावले. विवेकसिंधूपासून ज्ञानेश्वरीपर्यंत एक मीटर आणि वर दोन सेंटिमीटर. “एवढंच?” असं एकाने विचारलं. पुस्तकात ही दोन नावं लागोपाठच्या ओळींत येतात, त्यामुळे मध्ये चार पिढ्या गेल्या हे कधी जाणवत नाही.

दासोपंतांच्या पासोडीचा विषय निघाला. कापडावर लिहिलेला हा ग्रंथ आमच्याच गावचा, लांबी सुमारे ४० फूट. मुलांनी फुटांचे मीटर केले आणि हसायला लागली: आमची सगळी सुतळी पासोडीपेक्षा आखूड. आठशे सदतीस वर्षं कमी पडली.

२६ जुलै

शके. हा तास मला वाटला होता त्याहून जास्त रंगला.

मूळ ओव्या फळ्यावर लिहिल्या. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ‘शके बाराशतें बारोत्तरें’ आणि एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली त्या वेळची ‘शके पंधराशे साहोत्तरीं’. मुलांनी बाराशे बारा आधी नीट लिहून घेतला, मग अठ्ठ्याहत्तर मिळवले: १२९०. पंधराशे सहा अधिक अठ्ठ्याहत्तर: १५८४. विवेकसिंधूचा अकराशे दहा, म्हणजे ११८८. शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधली घटना असेल तर एकोणऐंशी मिळवायचे, हेही सांगितलं. एरवी गणिताच्या तासाला मागच्या बाकावर लपणाऱ्या पोरानेच सगळ्यात आधी हात वर केला.

इथे मला भाषेचं काम सापडलं. ‘बारोत्तरें’ म्हणजे बारा वर. जुनी मराठी वाचता येणं म्हणजे आकडासुद्धा शब्दांतून उकलता येणं. पाठ्यपुस्तकात ओवीखाली अर्थ छापलेला असतो म्हणून हे कधी करावंच लागत नाही.

५ ऑगस्ट

पहिले कच्चे मजकूर आले. वीसपैकी बहुतेक पानांची सुरुवात एकच: “संत अमुक हे महाराष्ट्रातील थोर संत होते.” जवळजवळ सगळं मोबाइलवरून उतरवलेलं. त्याचा राग नाही, पण अडचण निराळी आहे. प्रत्येक पान स्वतंत्र. आधीच्या पानाचा याला पत्ता नाही, पुढच्याचा त्याला नाही. एकापाठोपाठ एक वाचलं तर मंगल कार्यालयात नावं पुकारल्यासारखं वाटतं.

यात साधनाचाही दोष आहे. शीटमध्ये प्रत्येक घटनेला तिची रांग. दोन रांगांच्या मधल्या जागेला रकाना नाही. आणि मराठीच्या शिक्षकाला जे शिकवायचं असतं ते बरंचसं त्या मधल्या जागेतच असतं: म्हणून, तरी, तोवर, त्यामुळे, नाहीतर. कालरेषा क्रम देते. कारण देत नाही. ते वाक्यानेच द्यावं लागतं.

तेव्हा नियम केला: प्रत्येक पानाचं पहिलं वाक्य मागच्या पानाला जोडणारं हवं. त्याला आम्ही ‘सांधा’ म्हणायचं ठरवलं. सांधा नसलेलं पान परत.

एकनाथांचं पान फळ्यावरच दुरुस्त केलं. आधी होतं: “संत एकनाथ हे पैठणचे थोर संत होते. त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली.” मी विचारलं, शुद्ध का करावी लागली? ज्ञानेश्वरी काय अशुद्ध होती? वर्ग गप्प. मग छापखाना नव्हता, पोथी हाताने उतरवत, एकाने चुकीचं उतरवलं की पुढचा तेच उतरवणार, यावर बोलणं झालं. घरी मोबाइलवरच्या मेसेजचं पुढे पाठवता पाठवता काय होतं हे त्यांना चांगलंच माहीत आहे. शेवटी असं झालं:

“ज्ञानेश्वरी होऊन तीनशे वर्षं होत आली होती. तोवर ती हाताने उतरवता उतरवता प्रतींमध्ये पाठभेद शिरले होते. म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणला निरनिराळ्या प्रती पाहून शुद्ध प्रत तयार केली.”

‘थोर’ कुठेच नाही आणि माणूस मोठा वाटतो. हे पान लिहिणाऱ्या जोडीतली मुलगी म्हणाली, “मॅडम, आता हे निबंधासारखं नाही वाटत.” शाबासकी म्हणूनच घेतली.

१२ ऑगस्ट

मुकुंदराजांवरून वर्गात भांडण.

समाधी आमच्या गावाबाहेर डोंगरात. वर्गातलं एकही मूल असं नाही जे तिथे गेलेलं नाही. विवेकसिंधू अंबाजोगाईला लिहिला गेला, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही नाही. पण पान करणाऱ्या जोडीला वाचताना कळलं की ग्रंथातली ‘अंबानगरी’ म्हणजे वैनगंगेकाठचं आंभोरा, असं काही अभ्यासक मानतात. ग्रंथाच्या काळाबद्दलही एकमत नाही. एक जण तर उठूनच म्हणाला, “हे छापायचंच नाही. आपलं आहे ते आपलं.”

मी निकाल दिला नाही. विचारलं, दोन्ही बाजू साठ शब्दांत कशा बसवाल? अर्धा तास ‘म्हणे’, ‘मानतात’, ‘असावा’, ‘असं परंपरा सांगते’ यांवर गेला. ‘म्हणे’ने शंका जास्त दिसते, ‘मानतात’ने कमी, हे त्यांनीच सांगितलं. रोज बोलताना हे भेद अचूक वापरतात, लिहायला बसलं की सगळं ‘आहे’ होऊन जातं.

शेवटचा मजकूर: “शके १११० हा विवेकसिंधूचा परंपरेने सांगितला जाणारा काळ. ग्रंथातली अंबानगरी म्हणजे आपलं अंबाजोगाई असं इथे मानतात. काही अभ्यासक ती वैनगंगेकाठी आंभोऱ्याला असल्याचं सांगतात.” भांडणारा पोरगा ‘आपलं’ शब्द राहिल्यामुळे शांत झाला.

साधनात एक सोय सापडली. सालाच्या रकान्यात ११८८ द्यावंच लागतं, त्याशिवाय पान रेषेवर बसत नाही. पण ‘डिस्प्ले डेट’ म्हणून वेगळा रकाना आहे. त्यात जे लिहू तेच वाचणाऱ्याला दिसतं. तिथे “शके १११०, परंपरेने” घातलं.

२० ऑगस्ट

तांत्रिक नोंद, पुढच्या वेळी कामाला यावी म्हणून. सालाच्या रकान्यात देवनागरी आकडे चालत नाहीत, इंग्रजी आकडेच हवेत. देवनागरी घालायचे ते डिस्प्ले डेटमध्ये. पहिल्या ओळीतली इंग्रजी शीर्षकं कुणी मराठीत केली की सगळी रेषा गायब. शीटला संरक्षण लावून मुलांना फक्त त्यांची रांग खुली ठेवली.

परवा पोळा. खेड्यांवरून येणारी मुलं उद्यापासूनच दिसणार नाहीत.

३ सप्टेंबर

महालक्ष्म्या उठल्या, वर्ग पुन्हा भरला. सणात सगळे नातेवाईक घरी जमतात म्हणून मुद्दाम तेव्हाच काम दिलं होतं: घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारायचं, तुमच्या आठवणीतली एक गोष्ट आणि ती केव्हाची.

केव्हाची, याचं उत्तर कुणीही सनात दिलं नाही. “बहात्तरच्या दुष्काळात.” “किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी.” “पोलीस अॅक्शनच्या वक्ताला माझी माय मला घेऊन माहेरी होती.” घाटनांदूरकडच्या एका मुलाच्या आजीचं सांगणं त्याने जसंच्या तसं लिहून आणलं: “दुष्काळात मी खडी फोडाया जायची. रोजावर सुकडी मिळायची. मिलो खाऊन खाऊन जीव विटला.” वर्गाला मिलो माहीत नव्हता. परदेशातून आलेली लाल ज्वारी, असं त्यानेच सगळ्यांना समजावलं. आजीकडून शिकून आला होता.

याचं पान करायचं तर भाषा कुठली? त्याने प्रमाण मराठीत उतरवून आणलं होतं: “आजीने दुष्काळात खडी फोडण्याचे काम केले.” मी त्याला म्हटलं, आजीचं वाक्य आजीच्या तोंडचंच ठेव, अवतरणात. सांधा तुझ्या भाषेत लिही. त्याला ते पटेना. “मॅडम, आमची भाषा छापली तर हसतील.” वर्गात दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ‘काय करलालास’ बोलतात, कुणाच्या घरी ‘लई’ शिवाय वाक्य होत नाही, या वर्गात हसणारं कोण? अखेर तयार झाला. त्याच्या पानाचा सांधा मला या सगळ्या कामात सर्वांत आवडला: “राज्य मराठीचं होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्या साली आमच्या घरी पुस्तक नव्हे, घमेलं होतं.”

१९६० पासून १९७२. हिशेबही बरोबर.

१० सप्टेंबर

सुतळीवर एक मोकळी जागा आहे, तिच्याकडे मुलांचं लक्ष आता गेलं. जांब समर्थचे रामदास, जन्म १६०८. त्यानंतरचा चिमटा १९१८ ला, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा. मधे तीन मीटर दहा सेंटिमीटर नुसती सुतळी. “तीनशे वर्षं मराठवाड्यात कुणी काही लिहिलंच नाही का?”

छापील यादीत अशी भोकं दिसत नाहीत. यादीत १६०८ च्या खाली लगेच १९१८ येतो आणि डोळा पुढे सरकतो. सुतळीवर तीन मीटर चालत जावं लागतं. पडद्यावरही तसंच, अंतर काळाच्या प्रमाणात राहतं.

एका मुलीने ग्रंथालयातून औरंगाबादचे अमृतराय शोधून आणले. कटावासाठी गाजलेले, १७५३ साली वारले. कटाव म्हणजे काय ते सांगून कळत नाही. तो एका दमात, अनुप्रास न तुटू देता म्हणायचा असतो. दोघांनी म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, तिसऱ्या ओळीला दम संपला, वर्ग बाकं वाजवत होता. शेजारच्या वर्गावरून निरोप आला.

उरलेलं भोक तसंच राहिलं, पण शोधताना १९१८ नंतरचं काहीतरी सापडलं. बर्दापूरकडची एक मुलगी घरच्या ट्रंकेतल्या जुन्या कागदाचा फोटो घेऊन आली. उर्दूत. घरात कुणालाच वाचता येत नाही. शेजारच्या उर्दू शाळेतल्या एका शिक्षकांनी वाचून दिला: शेतसाऱ्याची पावती, साल फसली १३४५. पुन्हा नवा कालगणनेचा हिशेब. निजामाच्या राज्यात कारभाराला फसली सन चालायचा. ५९० मिळवले की १९३५. वर्गात आता शक, इसवी आणि फसली अशा तिन्ही बेरजा चालतात.

तिचं पान: “उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिक्षण सुरू झालं, तसा सरकारी कारभारही उर्दूतच होता. त्यामुळे माझे पणजोबा ज्या शेतात मराठीत बैल हाकत, त्या शेताची पावती त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे.” मी यातला एक शब्दही बदललेला नाही.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर कार्यक्रमात दोन मुलांनी १९४८ चं पान वाचलं. पूर्वी यांचा सांधा ‘म्हणून’ने सुरू होत होता: “१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. म्हणून १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला.” मुलांना ‘म्हणून’ फार आवडतो, दोन घटना शेजारी दिसल्या की तो मधे बसवतात. मी फक्त विचारलं, म्हणून की तरी? आज त्यांनी वाचलं ते असं: “देश स्वतंत्र होऊन तेरा महिने झाले, तरी हैदराबाद संस्थान भारतात आलं नव्हतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.”

पाहुण्यांनी भाषणात ‘सुवर्णाक्षरांनी’ हा शब्द वापरला तेव्हा मागच्या रांगेतून “साठ शब्द!” असं कुणीतरी हळूच म्हणालं. कोण ते मी शोधलं नाही.

२६ सप्टेंबर

पावसाने सगळ्याचा बोजवारा. आसपासच्या जिल्ह्यांतही पूर. रस्ते बंद, वर्गात अर्धीच मुलं.

त्या निवांत तासात एक महत्त्वाचं ठरलं. आजी-आजोबांचे आवाज मुलांनी फोनवर घेतले आहेत, आणि ते कालरेषेला जोडायची त्यांची फार इच्छा आहे. मी नाही म्हटलं. शीट प्रकाशित केली की दुवा असलेला कुणीही पाहू शकतो. आजीने नातवाला सांगितलं, जगाला नाही. तेव्हा आवाज घरी, पानावर फक्त अवतरण, तेही विचारून, नाव न घालता. चित्रंही खुल्या परवान्याची किंवा आपणच काढलेली. खाली श्रेय लिहायचं. एका आजोबांनी विचारल्यावर नाही सांगितलं. त्यांचं पान काढलं.

काढलेल्या जागी मुलांनी १९८३ चं अंबाजोगाईचं साहित्य संमेलन घातलं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. गावात एवढं मोठं संमेलन झालं होतं हे निम्म्या वर्गाला माहीत नव्हतं.

८ ऑक्टोबर

कालरेषा पूर्ण. तीन गट: ग्रंथ, राज्य, घर. पडद्यावर हे गट एकाखाली एक पट्ट्यांत येतात, त्यामुळे १ मे १९६० च्या पुढेच खाली खडी फोडणारी आजी दिसते. शेवटचं पान ३ ऑक्टोबर २०२४, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. त्याचा सांधा काय घ्यावा यावर जोडीचं शेवटपर्यंत जमलं नाही. एकीला ‘अखेर’ हवा होता, दुसऱ्याला ‘तरीही’. त्याचं म्हणणं, दर्जा मिळाला तरीही आमच्या शाळेत नववीच्या दोन तुकड्यांची एक झाली. मी दोन्ही मसुदे शीटमध्ये ठेवले आहेत. प्रकाशित पानावर सध्या ‘अखेर’ आहे, कारण तिने आधी लिहिलं.

गुण देताना साधनाची चमक धरली नाही. सांध्याला निम्मे गुण, उरलेले मजकुराच्या नेमकेपणाला आणि काळाच्या हिशेबाला. ज्यांनी सगळ्यात देखणी चित्रं लावली त्या जोडीला सांध्यात कमी पडले, त्यावर पालक येऊन गेले. त्यांना दोन पानं शेजारी ठेवून वाचायला दिली. वाचून झाल्यावर गुणांचा विषय त्यांनी काढला नाही.

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या आहेत. निबंधात ‘थोर’ अजून आहेच, पण परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘तोवर’ आणि ‘तरी’ दिसायला लागलेत. काहींनी तर अर्जातसुद्धा ‘तोवर’ घातला आहे, नको तिथे.

पुढच्या नववीसाठी शीटमध्ये दोन रांगा रिकाम्या सोडल्या: १३५० ते १५३३, आणि १७५३ ते १९१८. पहिलीसाठी नामदेवांनंतर एकनाथांपर्यंत काय, हे शोधावं लागेल. दुसरीसाठी मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक दिवाळीनंतर शाळेत यायला तयार आहेत. ज्यांच्या घरी मोडी कागद असतील त्यांनी ते आणायचे नाहीत, फक्त फोटो आणायचे, असं मुलांना सांगून ठेवलं आहे.